आठव्या रेषेपर्यंत

पंख्याची घरघर दूरच्या गिरणीसारखी ऐकू येऊ लागली आहे, आणि डॉ. त्र्यंबक निमकरांच्या पापण्या, त्यांची परवानगी न घेताच, मिटू पाहत आहेत. दुपारचे तीन वाजायला आले आहेत. औषधशास्त्र विभागातल्या त्यांच्या टेबलावर दोनशे उत्तरपत्रिका आहेत, आणि चारच्या आत निकालपत्रकावर सही करून ते प्राचार्यांकडे पोचवायचे आहे. एकशे नव्याण्णव पत्रिकांविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. उरलेली एक मात्र त्यांनी तीनदा ढिगात सारली आहे आणि तीनदा बाहेर ओढली आहे.

वैद्यकीय आणि परिचर्या, दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी आणि औषधे कोणाला खरोखर समजली आहेत याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, ही कल्पना निमकरांचीच. सातवा प्रश्न असा : रुग्णाला वीस युनिट इन्सुलिन द्यायचे आहे. बाटली शंभराची, म्हणजे एका मिलिलिटरात शंभर युनिट असलेली. सिरिंज मात्र लाल टोपणाची, म्हणजे चाळीसच्या बाटलीसाठी आखलेली. कितव्या रेषेपर्यंत भराल? उत्तर आठ : मिलिलिटरचा पाचवा हिस्सा, म्हणजे चाळीस रेषांतल्या आठ. इन्सुलिनचे पेशीशी नाते कसे जुळते यावर पानभर सुरेख लिहिणाऱ्या निम्म्याअधिक भावी डॉक्टरांनी इथे बेलाशक 'वीस' लिहिले, म्हणजे कागदावर का होईना, रुग्णाला पन्नास युनिट टोचून ते मोकळे झाले. परिचर्येच्या मुलींतही असे निघालेच. परिचर्येच्याच प्रमिला वळवी नावाच्या मुलीने मात्र एकच ओळ लिहिली : 'ही सिरिंज मी वापरणार नाही, शंभराची, नारिंगी टोपणाची मागवीन.' निमकरांनी शून्य दिले. त्या शून्यापायी ती दोन गुणांनी नापास होते. आणि नापास झालेल्याने सहा महिने वॉर्डात पाऊल ठेवायचे नाही, हा नियमही निमकरांचाच.

"विचारलं काय, लिहिते काय," ते पुटपुटतात. हनुवटी छातीला टेकते.

"पोरीवर कशाला चिडताय?"

समोरच्या खुर्चीत सिस्टर सगुणा उजगरे गॉजच्या घड्या घालत बसल्या आहेत. निमकर इंटर्न होते तेव्हा मेडिसिनचा वॉर्ड यांच्या ताब्यात होता. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या. दफनाच्या वेळी मूठभर माती निमकरांनीही लोटली होती. हे त्यांना लख्ख आठवते, परंतु बाईंच्या तोंडावर तो विषय काढणे त्यांना असभ्यपणाचे वाटते.

"सिस्टर, प्रश्न गणिताचा आहे. गणिताला एकच उत्तर असतं."

"मग द्या की उत्तर. चला, पाच नंबर कधीचा खोळंबलाय."

पाच नंबरची खाट खोलीतच आहे. जमीन व्याख्यानगृहासारखी पायरीपायरीने वर चढत गेली आहे, पायरीगणिक एक खाट, आणि शेवटची पायरी काही केल्या दिसत नाही. पाच नंबरचा रुग्ण पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून बसला आहे.

"डॉक्टरसाहेब, ताट आल्यावरच टोचा," तो म्हणतो. "मागं एकदा टोचून घेतलं अन् ताट आलंच नाही."

ताट येते. निमकर लाल टोपण काढतात, शंभराची बाटली उलटी धरतात. आठव्या रेषेवर दट्ट्या थांबतो. बुडबुडासुद्धा नाही. टोचून झाल्यावर ते वळतात.

"आठ. बरोबर?"

"सोळा आणे बरोबर. हातही तसाच हलका आहे हो तुमचा." सिस्टर पदराची पिन नीट करतात. "आता ट्रेमध्ये काय ठेवलंत?"

"बाटली. आणि सिरिंजांचा खोका."

"लाल टोपणांचा? शेजारीशेजारी?"

"मग काय एकमेकांकडे पाठ करून ठेवू?"

"ठेवली असतीत तर उपकार झाले असते. तुमचं ते आठ तुमच्या डोक्यात राहिलं, डॉक्टर. ट्रेमध्ये ते नाहीये. आणि आता पाळी बदलली."

निमकर घाईने कागद ओढतात. सूचना लिहायला हवी; निःसंदिग्ध, कोणालाही दुसरा अर्थ काढता येणार नाही अशी. 'ज्या अर्थी प्रस्तुत बाटलीतील द्रावणाची तीव्रता,' ते लिहितात, आणि 'तीव्रता' हाच शब्द योग्य की 'संहती', यावर लेखणी अडते. तेवढ्यात नव्या पाळीची परिचारिका वरच्या पायरीवर पोचलेली असते. तिचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो आहे. कधी पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा, कधी मागच्या बाकावरची मुलगी. सहा नंबरच्या बाईचा कागद ती वाचते. वीस युनिट. खोक्यातली सिरिंज घेते आणि अतिशय काळजीपूर्वक, विसाव्या रेषेपर्यंत भरते.

"अडवा तिला," निमकर म्हणतात.

"मी मेलेली आहे, निमकर. तुम्ही अडवा."

त्यांना ओरडायचे आहे, पण आवाज त्या अर्धवट वाक्यातच अडकून पडला आहे. सुई आत जाते आणि बाहेर येते.

सहा नंबरच्या बाईच्या कपाळावर घाम जमतो. बोटे थरथरू लागतात. "मला एवढी भूक का लागलीय?" ती विचारते. जेवण तर नुकतेच झाले आहे.

"ग्लुकोजच्या कपाटाला कुलूप आहे," सिस्टर म्हणतात. "किल्ली इन्चार्जच्या कमरेला, आणि इन्चार्ज जेवायला. बाईला अजून गिळता येतंय. साखर आणा. पळा."

निमकर दार ढकलतात तो विद्यार्थ्यांच्या खानावळीचे स्वयंपाकघर. मांडणी मात्र त्यांच्या स्वतःच्या घरची. छतापर्यंत बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. वर्गीकरण, कार्यपद्धती, दुष्परिणाम, कोणाला वर्ज्य. 'शुभ्र, स्फटिकरूप, पाण्यात सहज विरघळणारा.' नाव कोणत्याच बरणीवर नाही. ते एक चिमूट जिभेवर ठेवतात. मीठ. दुसरी. तुरटी. तिसरी. खाण्याचा सोडा.

"वाचत बसू नका," भिंतीपलीकडून आवाज येतो. "हात घाला."

सातवी बरणी गोड लागते. ते मूठ भरतात आणि धावत सुटतात. वॉर्डाच्या पायऱ्या वाढल्या आहेत, बोटांच्या फटींतून साखर गळते आहे, आणि ती गळते म्हणून ते मूठ आणखी आवळतात. बाईचे तोंड उघडे आहे. तिच्या वरच्या खाटेवरचेही. त्याच्याही वरच्या. नजर पोचते तिथवर रुग्ण तोंडे उघडून बसले आहेत आणि मूठ एकच आहे.

"एकेकाला भरवत बसणार का?" सिस्टर विचारतात. "काय लिहिलं होतं त्या पोरीनं?"

"ही सिरिंज मी वापरणार नाही." धापेमुळे त्यांचे शब्द तुटतात. "पण सिस्टर, मी ते विचारलंच नव्हतं."

"खोका तुम्ही ठेवलात. तिनं तो उचलून बाजूला केला. एवढंच तर लिहिलंय."

निमकरांपाशी याला उत्तर असते. नेहमीच असते. ते तोंड उघडतात, तेव्हा त्यांना दिसते की सहा नंबरच्या बाईने त्यांचे मनगट धरले आहे आणि ती मूठ आपल्या ओठांकडे ओढते आहे, नेटाने, तान्ह्या मुलासारखी.

पंखा फिरतो आहे. चाराला वीस कमी. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारते आहे. निमकरांची मान आखडली आहे आणि उजवी मूठ इतकी घट्ट आवळलेली आहे की बोटे एकेक करून सोडवावी लागतात. तळहातावर, घामाने ओल्या झालेल्या रेषांत, साखरेचे कण चिकटले आहेत.

 ते एक कण जिभेला लावून बघतात, कारण पुराव्याशिवाय काहीही मानायचे नाही ही त्यांची जुनी खोड आहे.

ते प्रमिला वळवीची उत्तरपत्रिका पुढे ओढतात आणि सातव्या प्रश्नापुढचे शून्य खोडतात. पाचांपैकी चार द्यावेत, आकडेमोड केलेली नाही, असा एक युक्तिवाद मनात उभा राहतो. ते तो ऐकून घेतात आणि पाच लिहितात. हात पुसायचे राहूनच गेलेले असते. आकड्याच्या वळणावर, निबाखाली, एक कण कर्रकन फुटतो.