बाईंच्या विम्याचा अर्ज

आमच्या गावच्या गोऱ्या बाई रोग्याला ‘काय होतंय’ असं कधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘‘किती दिस लपवलं?’’ समोरचा माणूस चपापे. दोन दिवस, आठ दिवस, असं काहीतरी पुटपुटे. बाई त्याच्याकडे टक लावून बघत, मग बोटं दुप्पट करून दाखवत, आणि तो मुकाट मान हलवी. लपवलेलं दुखणं त्यांना चोरीच्या मालासारखं वाटे. ते बाहेर काढल्याशिवाय त्या औषधाच्या बाटलीला हातच लावत नसत.

हिंगणीच्या पुढे जंगलाच्या कडेला आमचं गाव. पन्नास सालानंतरचे ते दिवस. मी तिथे शाळामास्तर होतो आणि शाळेतच टपालखातंही सांभाळत होतो, म्हणजे सकाळी बाराखडी आणि दुपारी शिक्के. बाई स्वित्झर्लंडच्या. तिथल्या कुठल्याशा धर्मादाय संस्थेनं त्यांना नर्स म्हणून पाठवलं होतं. कोंडवाड्याला लागून असलेल्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. मराठी त्या गावच्या बायांकडून शिकल्या, त्यामुळे माझ्यासारख्या पुस्तकी मराठीवाल्याची त्यांनी पुरती गोची केली होती. मी ‘आपण कशा आहात’ असं विचारावं आणि त्यांनी म्हणावं, ‘‘बरी हावो. तू काऊन वाळून राह्यला, मास्तर?’’ निळ्या डोळ्यांची बाई हे बोलताना ऐकून पहिले सहा महिने मला हसू आवरत नसे.

आराम हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. जंगलातल्या गोंडवस्तीवर त्या पायी जात, बाळंतपण उरकून पायीच परत येत. सोबत गावची सुईण पार्बता असे. पार्बताला बाईंचा अभिमान आणि बाईंना पार्बताचा धाक. ‘‘भाकर खाल्ल्याबिगर निघाली त मी येत नाई,’’ असं पार्बतानं बजावलं की बाई निमूट खाली बसून भाकरी मोडत.

एका उन्हाळ्यात त्यांना मायदेशाहून एक लांबलचक पाकीट आलं. ते त्यांनी माझ्या टेबलाशीच उघडलं आणि उभ्या होत्या त्या खाली बसल्या. मग मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे माणूस दरमहा एका मंडळात वर्गणी भरतो आणि आजारी पडला की दवाखान्याचा भार मंडळ उचलतं. बाई तरुणपणापासून भरत आल्या होत्या. आता मंडळ म्हणत होतं की परदेशात राहणाऱ्यांनी वर एक जादा विमा घ्यावा, नाहीतर नाव कमी होईल. आणि पन्नाशी उलटलेल्याचं नाव एकदा कमी झालं की ते पुन्हा घेत नाहीत. बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. नातेवाईक म्हणावं अशी एक बहीण, तीही दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी. म्हणजे हे नाव गेलं तर आजारी पडून परतायला त्यांना जागाच उरत नव्हती.

गावात गोष्ट लपते कुठे! संध्याकाळी झिबलाजी पाटील दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांना आजारपणाचा विमा हा प्रकारच पटेना. बैलाचा सौदा पक्का करायला आधी विसार देतात, तेवढंच त्यांना माहीत. ‘‘म्हंजे दुखण्याले विसार देणं झालं, बाई! विसार घेतल्यावर ते घरी आल्याबिगर राहीन का?’’

‘‘ते विसार न घेताच येते, पाटील,’’ बाई म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

त्या का हसल्या नाहीत ते मला पुढे आठवडाभरानं कळलं. मी टपाल द्यायला गेलो तेव्हा त्या डावा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. घोटा दिसेनासा झालेला. आमच्या भागात हत्तीपाय घरोघरी, त्यामुळे काय झालंय ते विचारायची गरज नव्हती. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, किती दिस लपवलं? बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची बोटं पसरली. ‘‘दहा दिवस?’’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘‘महिने.’’

मग विमा घ्यायचं ठरलं. पण फॉर्मवर एक प्रश्न होता, सध्या काही आजार आहे काय? बाकीचे रकाने त्यांनी तासाभरात भरले. हा एक तीन दिवस कोरा राहिला. मी शहाणपणा केला. ‘‘सरळ ‘नाही’ लिहा. इतक्या लांबून कोण बघायला येतंय?’’

‘‘काल एका पोरीच्या मायले मी काय काय बोलली, ऐकलं ना तू?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरगी तापानं फणफणत होती आन् मायनं चार दिस लपवलं. आता मी ‘नाई’ लिहू?’’

‘‘मग हो लिहा.’’

‘‘हो लिहिलं त घेणार नाईत.’’ एवढं म्हणून त्यांनी फॉर्म मिटला.

फॉर्मसोबत आणखी एक कागद लागत होता. अर्जदाराला ओळखणाऱ्या गावातल्या दोघांनी तिच्या प्रकृतीबद्दल लिहून द्यायचं होतं. झिबलाजी आणि पार्बता मोठ्या हौसेनं शाळेत आले. आता आमच्या गावाला अर्ज म्हणजे एकच ठाऊक, तहसिलीत द्यायचा तो. घर पडलं, विहीर आटली, जितकं रडावं तितकी सरकारला दया. धडधाकट असल्याचा अर्ज करतात, हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. पाटलांनी घसा खाकरून सांगायला सुरुवात केली, ‘‘मायबाप सरकार, बाईले दरसाल हिवताप येते. एक डाव कावीळ झालती, मरता मरता वाचली. डावा पाय सुजून राह्यला. तिले ना भाऊ ना लेकरू. तरी हुजुरांनी दया करावी.’’

‘‘रातची झोपत नाई, तेही लिवजो,’’ पार्बतानं पुस्ती जोडली आणि पदरानं डोळे पुसले.

मी ते इंग्रजीत उतरवलं. आज लाज वाटते, पण खरं ते सांगतो. मला माझ्या इंग्रजीचा फार तोरा होता. ‘अत्यंत दयनीय’ हे शब्द तर मी पदरचे घातले. दोघांनी खाली अंगठे उठवले. विमा मंडळ आणि तहसील यांतला फरक त्या दोघांना माहीत नव्हता, पण मला तर होता! तरी लिहिण्याच्या नादात माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला बाईंनी कागद वाचला तेव्हा. आधी त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग कागद मांडीवर ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. मी घाबरून म्हणालो, ‘‘मी दुसरा लिहितो. प्रकृती ठणठणीत, असा. त्यांना काय कळणार?’’

‘‘त्याईनं खरं सांगून आंगठा देल्ला, मास्तर. त्याईच्या आंगठ्यावर मी खोटं लिहू?’’

त्यांनी फॉर्म उघडला, कोऱ्या रकान्यात ‘हो’ लिहिलं आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं. मी शिक्का मारला. माझा हात मला आजही दिसतो.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. चार ओळींचं, सभ्य. मंडळाला खेद होता, जादा विमा देता येत नव्हता आणि नियमाप्रमाणे जुनं नावही कमी केलं होतं. गावाला एवढंच समजलं की बाई आता कुठे जात नाहीत. झिबलाजींनी मारुतीपुढे नारळ फोडला. पार्बतानं पुरणपोळ्या केल्या. ‘‘आता बाई आपलीच!’’ म्हणून जो तो ओट्यावर येऊन बसला. बाईंनी सगळ्यांसोबत पोळी खाल्ली आणि खरोखर गोड मानून खाल्ली. त्या माणसांवर त्यांचा जीव होता, यात मला कधीच शंका आली नाही.

बाई त्याच गावात वारल्या, हे मला फार पुढे पत्रानं कळलं. गावानं त्यांचं अखेरपर्यंत केलं, पार्बतानं तर पोटच्या पोरीसारखं केलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. त्या उत्तरानंतर वर्षभरात माझी आर्वीकडे बदली झाली. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढवून मी दवाखान्यात गेलो. पाय स्टुलावर होता आणि बाई पट्ट्या गुंडाळत होत्या. मनात वर्षभर डाचत होतं ते बोललो. ‘‘बाई, ते पाकीट मी अडवायला पाहिजे होतं. तुमच्याकडून ‘नाही’ लिहून घ्यायला पाहिजे होतं.’’

‘‘तू काऊन अडवतं? तू त टपालवाला,’’ त्या म्हणाल्या. हातातली पट्टी त्यांनी खाली ठेवली. ‘‘आधी मी रोज सकाळी उठून ठरवत होती, का आज राहाचं. रोज ठरवत होती, मास्तर, आन् रोज राहत होती. लय बरं वाटे. आता ठरवाले काई राह्यलंच नाई.’’

बाहेर गाडीवान हाका मारत होता. बाईंनीच मला हातानं जा म्हणून खुणावलं. मी निघालो. मला निघता येत होतं.