खडूची खूण

आप्पांचा छापील आकड्यावर विश्वास नव्हता. सायकलच्या चक्रावर कंपनीनं ‘३४’ असं ठसठशीत कोरलेलं असायचं, तरी आप्पा गुडघ्यावर बसायचे, एका दात्यावर खडूनं खूण करायचे आणि तिथून एकेक दाता बोटानं पुढं सारत मोजायचे. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. समोरचा माणूस ड्यूटीला उशीर होतोय म्हणून तडफडत असायचा. ‘‘आप्पा, लिहिलंय की त्याच्यावर!’’ असं म्हटलं की ते मान वर न करता म्हणायचे, ‘‘लिहिणारा आपल्या वळखीचा हाय का?’’

रांजणगावच्या एका कारखान्यात त्यांनी गिअर कापण्याच्या मशीनवर उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्याला पत्र्याच्या सावलीत एक टेबल टाकलं. पंक्चर काढायचे नाहीत, हवा भरायचे नाहीत. आलेल्या सायकलचं मागचं चाक उचलायचं, टायरवर खडूची रेघ ओढायची, पायडल एकदाच पूर्ण फिरवायचं आणि चाक किती फिरलं ते बघायचं आणि लागलाच तर गिअर बदलून द्यायचा, एवढंच. पायडलच्या एका फेऱ्यात चाक एका फेऱ्याहून जास्त फिरलं, की आप्पा चेहरा असा करायचे की जणू आपण त्यांच्या ताटात खडा टाकलाय. ‘‘ह्याच्यावर सपाटीला पळशील. चढाला ढकलत नेशील.’’

चढाची त्यांची कसोटीही जगावेगळी होती. किती वेळात चढलात हे ते कधी विचारत नसत. ‘‘बोलता आलं का?’’ एवढंच विचारायचे. सोबत आले तर ऐन वळणावर शेजारून विचारायचे, ‘‘काल कालवण काय केलं हुतं? फोडणीपासनं सांग.’’ श्वास पुरेना म्हणून आपण नुसतं ‘‘वांगं’’ म्हटलं, की निकाल लागायचा. ‘‘गिअर खोटा हाय तुझा.’’ माणसाचं काही चुकलंय असं ते कधी म्हणत नसत. आधी गिअर. या हट्टाचा मला राग यायचा. आज येतो तो वेगळ्या कारणानं.

मीही रांजणगावलाच, पण दुसऱ्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. दुसऱ्यानं काढलेलं माप तपासायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. त्यावरून आप्पांनी मला ‘क्वालिटी’ हेच नाव पाडलं. पोट सुटलं म्हणून मी पंचेचाळिशीत सायकल घेतली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे आणि सायकलकडे आळीपाळीनं पाहिलं. ‘‘क्वालिटी, तुझ्या ह्या मालाला पुढं अठ्ठावीस, मागं चौतीस. कमी न्हाई, जास्त न्हाई.’’ आणि दोन तास खपून बसवून दिलं. मागचं चक्र चांगलंच मोठं दिसायचं. कंपनीच्या पार्किंगमध्ये एकानं पाहिलं आणि ओरडला, ‘‘अरे, ह्यांनी मागं परात बांधलीय! बायकांचा गिअर!’’ सगळे हसले. मीही हसलो.

आता सांगतो, जे आजवर कुणाला सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात पुण्यात गेलो आणि आप्पांचं चक्र काढून मागं छोटं, पंचवीस दात्यांचं, शर्यतीच्या सायकलींना असतं तसलं बसवून घेतलं. त्या रविवारी कंपनीतल्या पोरांबरोबर यवतच्या पुढं भुलेश्वरचा चढ चढायला गेलो. दुसऱ्या वळणावर डोळ्यांपुढं काजवे चमकले. उतरलो. पोरं पुढं गेली आणि मी सायकल ढकलत वर पोचलो, चपलेतला खडा काढायला थांबल्यासारखा चेहरा करून. पायात बूट होते.

संध्याकाळी रांजणगावच्या एका मिस्त्रीकडून आप्पांचं चक्र परत बसवून घेतलं. वाटलं, मिटलं. पण सोमवारी टेबलापाशी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. ‘‘उतरलास म्हनं?’’ आप्पांनी विचारलं. आजूबाजूला चार माणसं उभी होती. तेव्हा म्हणायला हवं होतं की आप्पा, मी चक्र बदललं होतं. मी म्हणालो, ‘‘तुमच्याच गिअरवर चढलो आप्पा. बोलणं सोडा, श्वास घेता येईना.’’

आप्पांनी खडू घेतला आणि ते माझ्या सायकलीशी बसले. पुढं अठ्ठावीस. मागं चौतीस. पुन्हा एकदा मोजलं. ‘‘दाते बरुबर हायेत,’’ ते स्वतःशीच म्हणाले. कारखान्यानं लोखंडात कोरलेला आकडा न मानणारा हा माणूस, माझं तोंडी वाक्य मात्र त्यानं जसंच्या तसं घेतलं. त्यावर कुठं खडूची खूण केली नाही.

त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी कुणाचाही गिअर बसवला नाही. ‘‘थांबा, माझं कायतरी चुकतंय,’’ म्हणून माणसं परत पाठवायचे. मग एक दिवस म्हणाले, ‘‘तुझी सायकल दे.’’ मी दिली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

पुढचं मला गायकवाड बाईंकडून कळलं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आप्पांना खडू पुरवायच्या त्याच, आणि त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप महिन्यातल्या एका रविवारी पिकअपमध्ये सायकली टाकून भुलेश्वरला जायचा. आप्पा त्यांच्याबरोबर गेले. वय अडुसष्ट, अंगावर मांस नाही. माझ्या आणि स्वतःच्या वजनातला फरक काढून तेवढ्या ज्वारीचं पोतं त्यांनी कॅरियरला आवळून बांधलं होतं. एकदा चढले, खाली आले. दुसऱ्यांदा चढले. बाई म्हणाल्या, ‘‘अहो, तिसऱ्या खेपेलाही माझ्याशी बोलत होते. पाटवड्यांचा रस्सा सांगितला सगळा, वाटणासकट. पण उतरले ते गुडघा धरूनच, पाय जमिनीला टेकवेना.’’

तो गुडघा पुन्हा बरा झाला नाही. आप्पा सायकलवर बसले ते शेवटचं. विचारलं की म्हणायचे, ‘‘गुडघा म्हातारा झाला, त्याला काय करायचं?’’

पण माझ्यासाठी ते निकाल घेऊन आले होते. काठी टेकत माझ्या घरी आले, दारातच म्हणाले, ‘‘गिअर बरुबर हाय. तुझं वजन घेऊन बोलत चढलो मी. म्हंजी क्वालिटी, तुझ्या छातीत खोट हाय.’’ गिअर खोटा नाही आणि माणूस खोटं बोलणार नाही. मग उरली छाती. हिशेब एकदम चोख होता.

तिथून माझा छळ सुरू झाला. ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहात. आप्पा म्हणाले, ‘‘त्यानं निजवून बघितलं. चढावर कुठं बघितलं?’’ माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, तर घरातलं तूप, पापड, लोणचं एका दिवसात बंद. ग्रुपमध्ये मला घेतलं, पण फर्मान काढून: ‘‘ह्याला चढाला एकटं सोडायचं न्हाई. बाई, तुम्ही ह्याच्या मागं ऱ्हायचं.’’ पाच वर्षं गायकवाड बाई माझ्या मागून चढल्या. मी जरा जोर लावला की मागून आवाज, ‘‘भाऊ, सावकाश! आप्पांनी सांगितलंय.’’ दात-ओठ खात मी सावकाश चढायचो. वैतागायचो आप्पांवर. स्वतःवर वैतागायला हवं हे कळत होतं, म्हणून त्यांच्यावर जास्तच.

गुडघ्यानं अगदीच अडलं तेव्हा त्यांची मुलगी त्यांना केडगावला आपल्या घरी घेऊन गेली. मी भेटायला गेलो तो खरं सांगायचं ठरवूनच. आप्पा खाटेवर, गुडघ्याला गरम फडकं गुंडाळलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, ‘‘छाती?’’

‘‘बरी आहे.’’

‘‘चढाला बोलता येतं?’’

‘‘येतं.’’

‘‘मग झालं,’’ म्हणाले आणि मुलीला हाक मारली, ‘‘क्वालिटीला चहा दे, बिनसाखरेचा.’’ तो चहा पिऊन मी परत आलो. गेल्या थंडीत आप्पा गेले.

परवाच्या रविवारी आम्ही भुलेश्वरला गेलो. पुढं अठ्ठावीस, मागं चौतीस. गायकवाड बाई मागं. दुसऱ्या वळणाशी, जिथं मी उतरलो होतो तिथं, मी न थांबता बोलायला लागलो. पुण्यातलं दुकान, पंचवीसचं चक्र, रांजणगावचा मिस्त्री, सोमवारी चार माणसांसमोर काय बोललो, सगळं, फोडणीपासून. कुठंही धाप लागली नाही. आप्पा शेजारी असते तर गिअर पास झाला असता.

मागून बाई म्हणाल्या, ‘‘त्या पोत्याची गाठ मी मारून दिली होती, भाऊ. घट्ट मारा म्हणाले होते.’’

मी पायडल मारत राहिलो.

‘‘आणि पाच वर्षं मी तुमच्या मागं रांगतेय!’’ एवढं म्हणून बाई माझ्या बाजूनं निघाल्या, पुढं गेल्या, वळणाआड दिसेनाशा झाल्या. उरलेला चढ मी एकटा चढलो. मागून सावकाश म्हणणारं कुणी नव्हतं.

वर पोचलो तर बाई सावलीत उभ्या होत्या. मी सायकल भिंतीला टेकवली. त्यांनी पिशवीतून शाळेचा खडू काढला आणि माझ्या मागच्या चाकाशी बसल्या.

‘‘चौतीस आहेत,’’ मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली नाही. एका दात्यावर खूण केली आणि म्हणाल्या, ‘‘थांबा. मोजू द्या.’’