लंगडीच्या जेवणाची वेळ

आमच्या शेजारच्या गृहस्थाला सगळी वसाहत ठोठो म्हणायची. बायकोसुद्धा, पण ती मागे. विमानतळावर पक्षी हाकलण्याची नोकरी. जीपमधून धावपट्टीवर हिंडायचं आणि पाखरू दिसलं की आवाजाची बंदूक उडवायची. घरी मात्र हा बार कधी उडाल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्या-आमच्या घरात भिंत एकच होती, म्हणून खात्रीने सांगतो.

चौदा वर्षांत त्यांच्या पाळीत एकाही विमानाला पक्षी धडकला नव्हता. हा आकडा ते लग्नाच्या तारखेपेक्षा बिनचूक सांगत. आणि एका शनिवारी घात झाला. विमानाने चाकं उचलली न उचलली, तोच एक घार थेट इंजिनात. विमान गिरकी घेऊन सुखरूप परत उतरलं. कुणाला खरचटलंही नाही, पण इंजिनाची पाती वाकली आणि आमच्या ठोठोंची मानही.

अशा वेळी पक्ष्याचे अवशेष गोळा करून तपासणीला पाठवायचे असतात. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार. कचेरीतल्या फ्रिजमध्ये साहेबांचं दही असायचं, तिथे घार ठेवायची कुणाची छाती! ठोठोंनी चार पिसं आणि एक पाय पिशवीत घातला आणि घरच्या फ्रीझरमध्ये मटारामागे दडवला. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही.

रविवारी वहिनी मटार काढायला गेल्या. किंकाळी ऐकून मी भिंतीला कान लावला. म्हणजे, लावावाच लागला.

"अहो! ही तर आपली लंगडी!"

"आपली म्हणजे?"

वहिनींचा हुंदका. "डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, बघा. रोज पावणेबाराला मागच्या दारी यायची. मी खाटकाकडचे तुकडे टाकते ना."

"अगं, चौदा वर्षं मी तिकडून हाकलतोय आणि तू इकडे बोलावतेस?"

"तुम्ही हाकलता म्हणून तर बिचारीला भूक लागते!"

आता आली का पंचाईत? विमानतळाच्या वसाहतीत पक्ष्यांना खाऊ घालायला सक्त मनाई. सापडलं तर घर खाली करायचं आणि नोकरीवरही गदा. पाखरू नुसतं दिसलं तरी अहवाल लिहावा लागे आणि त्यात एक रकाना असे, 'पक्षी येण्याचे कारण'. ठोठो त्यात डोळे मिटून 'अज्ञात' लिहीत आले होते. पण आता कारण समोर बसून नाक पुसत होतं.

रात्रीपर्यंत त्यांनी धीर करून 'अज्ञात' लिहिलंही. वर वाक्य होतं, 'पक्ष्याने विमानास धडक दिली.' वहिनींनी कागद ओढला.

"हिने धडक दिली? एवढीशी ती! मेलेल्यावर आळ घेता?"

"अगं, तसं लिहायची पद्धत आहे."

"ते विमान सुटतं कधी?"

"सव्वाअकराला."

"आणि लंगडी पावणेबाराला. मग गाठ पडलीच कशी?"

ठोठोंनी नोंदवही पाहिली. विमान त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुटलं होतं. सरळ माणूस कधी इरेला पेटला की तो आवरत नाही. त्यांनी 'अज्ञात' खोडून लिहिलं, 'पक्षी माझ्या घरी जेवायला निघाला होता. पक्षी वेळेवर होता. विमान उशिरा होतं.' खाली सही.

साहेबांनी दोघांनाही बोलावलं. "हा अहवाल आहे की विमानाविरुद्ध तक्रार?"

ठोठोंनी नोंदवही पुढे केली. वहिनी मात्र सुरू झाल्या. सकाळी सातला कावळे कुठून येतात, साडेआठला बगळे कुठल्या नाल्याकडे जातात, लंगडी धरून घारी एकूण सतरा, त्यातली कोण भांडखोर आणि कोण पंगत उठल्यावर येते. साहेबांनी याच माहितीसाठी दोन तज्ज्ञ बोलावून पाहिले होते. साहेबांनी कुंकवासारखा लाल झालेला आपला चेहरा हळूहळू निवू दिला आणि पेन उचललं.

निकाल असा लागला, की एक महिना मुदत. तेवढ्यात घारींचं धावपट्टी ओलांडणं थांबलं तर ठीक, नाहीतर घर खाली.

वहिनी म्हणाल्या, "वेळ तीच ठेवते, पान दुसरीकडे मांडते." घारींचा मुक्काम धावपट्टीपलीकडच्या झाडांवर. त्या झाडांच्याही मागे, तीन मैलांवर, ओसाड माळ होता. वहिनी रोज घारींचे तुकडे आणि ठोठोंचा डबा घेऊन कचेरीच्या जीपने तिथे जायला लागल्या; येताना डबा धावपट्टीवर देत. पहिल्या आठवड्यात दोन घारी आल्या, बाकीच्या मागच्या दारी येऊन आम्हालाच दटावत बसल्या. मग पाच झाल्या, मग अकरा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः धावपट्टीवर. विमान नेमकं त्या दिवशीही अर्धा तास उशिरा. पावणेबारा वाजले, विमान उडालं. आभाळ कोरं करकरीत. ठोठो बंदूक खांद्याला लावून उभे, आणि हाकलायला काही नाही. साहेबांनी नुसती मान हलवली आणि ते निघून गेले. घर वाचलं, नोकरी वाचली.

ठोठोंनी फोन लावला. "आल्या का गं?"

"सतरातल्या उरलेल्या सोळाही आल्या, त्या सगळ्या जेवल्या. पोटभर."

"आणि माझा डबा?"

पलीकडे रिकाम्या डब्याचं झाकण वाजलं.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या.