अम्मा म्हणायच्या, जड

त्या वर्षी माझ्याकडे दोन घरं होती. सकाळी राहात्यात एका म्हाताऱ्या चाचांचं अंग पुसून त्यांना नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला, पाणी द्यायचं, आणि ते आवरलं की रिक्षानं शिर्डीला अम्मांकडे. दोन्हीकडे माणूस उचलायचंच काम. कंबर चाळिशीतच गेली होती.

अम्मा आणि त्यांचे यजमान, म्हणजे आजोबा, गुंटूरकडचे. नोकरी संपल्यावर साईबाबांजवळ राहायचं म्हणून त्यांनी शिर्डीत दोन खोल्या घेतल्या. मग अम्मांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, मोडकीतोडकी हिंदी होती तीही गेली. राहिली फक्त तेलुगू, तीही अडखळत. मला तिच्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी पोचले की आजोबा दर्शनाला निघायचे. दिवसभरात तेवढीच त्यांची सुटका, मी कशाला अडवू?

अम्मांचे केस कमरेपर्यंत. उशीवर गुंता होतो म्हणून मी ते डोक्यावर कसेतरी गुंडाळून ठेवायचे. काही दिवसांनी त्या डावा हात मानेमागं नेऊन म्हणायला लागल्या, "जड... जड..."

मला वाटलं, चला, एक तरी मराठी शब्द आला. रग काढून चादर दिली, उशी बदलली. तरी जड. एक दिवस चाचांकडे दोनदा अंथरूण बदलून आले होते, पाय उचलत नव्हते, आणि अम्मांच्या केसांत कंगवा अडकला तो निघेना. त्या पुन्हा म्हणाल्या, "जड."

"व्हय अम्मा," मी म्हटलं, "केसच जड होत्यात तुमाला."

आजोबा आल्यावर विचारलं, "बाल काटू क्या? अम्मा को भारी लगता है."

तेही दमलेलेच होते. "आपको ठीक लगे वैसा करो."

दुसऱ्या दिवशी मानेपर्यंत कापले. अम्मांनी हात मानेमागं नेला, चाचपून पाहिलं, खाली घेतला. त्यानंतर त्या जड म्हणाल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रोजची अर्ध्या तासाची कटकट वाचली.

महिन्यानं त्यांची लेक आली. आईला बघून दारातच थबकली. "बाल किसने काटे?"

"मैंने. रोज जड, जड बोलती थी. हमारे में जड मतलब भारी."

लेकीनं आईच्या मानेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "हमारे में जड मतलब चोटी. माँ आपको चोटी डालने को बोल रही थी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन बादली घासत बसले. घासलेलीच होती.

मग अम्मांजवळ बसले. "चुकलं माझं," एवढंच आलं तोंडातून, तेही मराठीत. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवस त्या लेकीच्याच हातून जेवल्या. लेक गेल्यावर माझ्या हातून जेवल्या. माफ केलं की दुसरा इलाज नव्हता, कुणास ठाऊक.

जाताना लेकीनं मला विचारत वीसेक मराठी शब्द आणि त्यांच्यापुढं तेलुगू शब्द कागदावर लिहून कपाटाला चिकटवले. पाणी, दुखतंय, थंडी. 'पुरे'च्या पुढं लिहिलं होतं 'चालु'. म्हणजे अम्मा पुरे म्हणत होत्या आणि मी चालू समजून आणखी एक घास भरवत होते.

उन्हाळ्यापर्यंत केस मानेखाली आले. बोटभर लांबीची वेणी झाली, रबर लावला. अम्मांनी ती चाचपली आणि काहीतरी दोन-तीन शब्द बोलल्या. कागदावर ते नव्हते. आजोबांना विचारायचं मनात आलं होतं, पण त्यांना यायला अजून वेळ होता आणि माझी पाठ ठणकत होती. मी चादर बदलायला घेतली.