गोऱ्याला फासलेला रंग

लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीतली काळी अर्नेटा पावाची गाडी चालवायची. एकोणीसशे त्र्याहत्तर साली सिनेमाच्या पडद्यावर काळ्या नायिका गुंडांना लोळवू लागल्या, तेव्हा त्यांच्या जागी उड्या मारायला ती गेली. पाहते तर काय, एका गोऱ्या बाप्याला तपकिरी रंग फासून, कुरळा टोप चढवून नायिकेच्या जागी उडी मारायला गच्चीवर उभं केलेलं! उन्हात त्याचा रंग गळ्यावर ओघळत होता.

“बाई, हाडं मोडतील तुझी,” ‘उडी मी मारते’ असं तिनं म्हणताच दिग्दर्शक म्हणाला.

“मोडली तर माझी मोडतील. तुमच्या बापाचं काय जातंय?”

तरातरा जिना चढून तिनं गोऱ्याला बाजूला सारलं आणि खालच्या गाद्यांवर उडी टाकली. उठून दिग्दर्शकाच्या खिशातला पांढरा रुमाल ओढला, घामेजलं तोंड खसाखसा पुसलं आणि रुमाल त्याच्यापुढे धरला.

“बघा, डाग पडलाय का?”