उभ्या उभ्या ठरलेलं लग्न

आमच्या मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मी उभा होतो. मला बसताच येत नव्हतं.

मंडीदीपच्या फॅक्टरीत रोज बसने जायचं, त्यात भोपाळचा मे महिना. माणूस ज्या भागावर बसतो, नेमकं तिथेच मला गळू झालं. आमच्या घरात जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात जातात. (काटकसर हो, दुसरं काय!) मी डबा उघडला.

"अहो, त्या माझ्या दाढेच्या आहेत," बायको म्हणाली.

"पू तो पू. त्याला काय कळतंय दाढ कुठली?"

दाढेच्या संपल्या, मग मुक्ताच्या घशाच्या घेतल्या. लिंबाएवढं गळू संत्र्याएवढं झालं!

डॉक्टरांनी विचारलं, "कौन सी दवा ली?"

"थोड़ी-थोड़ी सब."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग गळू कापून पू काढला आणि थोडा तपासायला पाठवला. "देखते हैं, इस पर अब कौन सी दवा चलेगी."

त्याच आठवड्यातल्या रविवारी चार इमलीच्या सरकारी बंगल्यातून निखिल आणि त्याचे आईवडील आले. पोरांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. फक्त दोन्ही बापांचं जमायचं होतं. "बाबा, प्लीज, गळवाचा विषय नको," मुक्ताने बजावलं होतं.

मी उभा राहिलो. होणारे व्याही सरकारी अधिकारी, भलतेच शिस्तीचे; यजमान उभा म्हणून तेही उठले. मग त्यांची बायको उठली. मग सगळेच पोह्यांच्या बशा धरून बसची वाट पाहत असल्यासारखे उभे.

"बसा ना," मी म्हणालो.

"आधी तुम्ही."

"नाही, मला उभं राहायला आवडतं."

त्यांचा चेहरा बदलला. "आमचं येणं पसंत नसेल तर तसं स्पष्ट सांगा."

मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. निखिल मात्र माझ्याकडे निरखून पाहत होता. तो लॅबमध्ये डॉक्टर होता. (तिथे काय तपासतो, हे मी विचारलंच नव्हतं.)

"बाबा, तुम्ही बसा. काकांना उभंच राहू द्या," तो म्हणाला आणि मला स्वयंपाकघराच्या दारापाशी घेऊन गेला.

"काका, तुमचा पू माझ्याकडेच आलाय. नाव वाचून शंका आलीच होती. घरातल्या गोळ्या बंद करा, त्यातली एकही चालत नाही. नवीन दवाई मिळेल, तिचा कोर्स पूरा करा. बाबांना मी बघतो."

माझा जीव भांड्यात पडला. मुलगा मला तिथल्या तिथे पसंत पडला.

लग्न झालं, गळूही बरं झालं. पण जावई दारात दिसला की मी अजूनही ताडकन उठतो. व्याह्यांना वाटतं, जावयाचा केवढा हा मान. मी बिस्किटाचा डबा लपवायला उठलेला असतो.