फुटलेलं बूड

त्याला सगळेच मामा म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. ज्याच्या दारात टिलर, त्याच्याशी चिखलणीच्या दिवसांत नातं काढावंच लागतं.

भाताच्या खाचरात पाणी धरून टिलर फिरवायचा, माती लोण्यासारखी होईपर्यंत. पण वीतभर खाली एक कडक थर असतो, ते खाचराचं बूड. पात्यांनी ते फोडलं की पाणी खाली झिरपून जातं. "पातं बुडाला टेकलं की हँडल तळहाताशी बोलतं," असं मामा सांगायचा. इतक्यांदा सांगायचा, की ऐकणाऱ्याला हँडलची दया यावी.

वर्षभर ते हँडल मुकं होतं. इंजिनाच्या थरथरीने मामाची बोटं बधिर झाली होती. मामी सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची. शेजारणींनी ते खिडकीतून पाहिलं आणि म्हातारपणी पालवी फुटली म्हणून महिनाभर चघळलं. मामी हसून घ्यायची. खरं सांगितलं असतं, तर मामाला कुणी खाचरात उतरू दिलं नसतं.

यंदा त्याने थोरल्या बहिणीचं खाचर चिखललं. दुसऱ्या दिवशी तिथे पाणी नव्हतं.

"खेकड्यांनी बांध पोखरला असेल," मामा म्हणाला.

बहीण दोन दिवस गुडघ्यांवर बसून बांध चाचपत राहिली. बिळं बुजवली, पाणी पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. तिकडे लावणीची रोपं पिवळी पडायला लागली. एवढंच तिचं वर्षाचं भात.

तिसऱ्या दिवशी मामा खाचरात उतरला. एरवी पोटरीपर्यंत जाणारा पाय मांडीपर्यंत गेला.

"माझ्याच हाताला वळण नाही रे," बहीण बांधावरून म्हणाली. "हे गेल्यापासून बांध मीच घालते ना."

मामाला ते ऐकवेना.

"ताई, तुझा बांध चांगला आहे. बूड मी फोडलं."

"काहीतरीच! तू कसा फोडशील?"

त्याने हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. "चिमटा काढ. काढलास की सांगतो."

तिने काढला. मामा वाट बघत राहिला. "अगं, काढ की."

तिने त्याचा हात पदरात धरला, बराच वेळ. मग म्हणाली, "दोन दिवस मला चिखलात रांगवलंस, मेल्या."

तळ्यातली चिकणमाती टोपल्यांनी आणून मामीसकट तिघांनी खाचरात तुडवली. पुन्हा वरवर चिखलणी हवी होती. मामी पदर खोचून टिलरपाशी गेली.

"सरका."

"अगं, जड आहे ते."

"तीस वर्षं तुम्हाला ओढतेय. याचं काय कौतुक?"

मामा तिच्यामागून अनवाणी चालत राहिला. पाय शाबूत होते, त्यांना खोली कळत होती. इंजिनाच्या आवाजात हाक पोचेना, म्हणून तो पुढे येऊन हात वर करायचा, की मामी हँडल दाबून पाती उचलायची. चार फेऱ्या अशा झाल्या. पाचव्या फेरीला, खोल कोपऱ्यात, त्याचा हात वर जायच्या आधीच पाती उचलली गेली.

मामा थांबला. पाय न धुताच बांधावर चढला आणि बहिणीशेजारी बसून, मामी एकटी फेऱ्या घालत होती ते पाहत राहिला.

"जमतंय तिला," बहीण हळूच म्हणाली.

"हूं," मामा म्हणाला.